बाळंतिणीला बघायला

ऑकलंडहून तीन तास, मग टोंगात उतरून
दुसरं, पंख्याचं विमान, वावाऊपर्यंत.
तिथून बोट. एवढं सांगेपर्यंत
आईनं अर्धं सूप तांदूळ निवडून टाकले होते.
येळ्ळूरचा बासमती. चुलीवर चढला
की वेशीपर्यंत कळतं, कुणाकडे पाहुणे आलेत.

म्हटलं, आई, ऐक तरी. देवमासा.
आपल्या बेळगावच्या बसएवढा.
"सिटी बस का लांबची?"
लांबची. वर अजून अर्धी जोड.

बोटीवरची लोसालिने सांगते, हात मारू नका,
मागे लागू नका. ओंडका व्हा.
तिला वाटलं तर ती येईल.
मी बारा वर्षांची असताना
कुंडेकरांच्या विहिरीतून बाहेर काढलेली,
आता पुरे, मोठी झालीस म्हणून.
त्यानंतर अठ्ठावीस वर्षं पाणी फक्त बादलीत.
तरी अंगाला आठवलं. पाठीवर बांधलेल्या
वाळक्या भोपळ्याची जागा
आधी आठवली, मग पाय हलले.

खाली निळं, निळ्याखाली काहीच नाही.
ती वर आली नाही. ती तिथेच होती,
मला दिसायला वेळ लागला.
पंखाखाली पिल्लू.
चार-पाच मिनिटांनी तेवढंच वर यायचं,
श्वास घ्यायचं, माझ्याकडे जरा बघायचं,
परत आईखाली.
लांब कुठेतरी नर गात होता.
ते कानांनी नाही, बरगड्यांनी ऐकू येतं,
सौंदत्तीच्या वाटेवर चौंडक्याला खेटून उभं राहिलं
की पोटात कसं गुंई गुंई होतं, तसं.

"कानडीत का मराठीत?" शेजारची भरमव्वा
उंबऱ्यावर बसून मिश्रीचं बोट चोखत.
आई हसली नाही. सूप खाली ठेवलं.

"पिल्लू किती दिवसांचं?"
आठवड्याचं असेल, लोसालिने म्हणालेली.
"आणि ती खातीय काय?"
काही नाही. पाणी ऊबदार म्हणून तिथं विते,
पण तिच्या खाण्याचं तिथं काही नाही.
परत बर्फाकडे जाईपर्यंत, महिनेच्या महिने,
नुसती पाजते. दूध कुंद्यासारखं दाट.
"उपाशी राहून पाजालीय?"
हो.
"आणि तू बाळंतिणीला बघायला
रिकाम्या हातानं गेलीस?"

गावातली दोनशे तरी पोरं तिनं
पाय पसरून, पायांवर घेऊन न्हाऊ घातलीत.
टाळू भरलीय, नाकं ओढून सरळ केलीत.
त्यातली काही आता मोर्चात असतात,
काही मोर्चा अडवायला.
माझं एक तिच्या पायांवर यायचं होतं.
आलं नाही. त्यावर आम्ही बोलत नाही.

रात्री माळ्यावरचा पितळी डबा खाली आला.
अळीव, डिंक, खारकेची पूड, बाळंतशोपा.
मला वाटलं, तेव्हाचंच असणार,
सहा वर्षांपूर्वीचं. हुंगून बघितलं.
ताजं होतं.
"दर दिवाळीला बदलतीय की ती,"
भरमव्वा बोलून गेली, आणि मग
घरी दूध ऊतू जात असल्याचं तिला आठवलं.

म्हटलं, आई, तिकडे विमानतळावर काढून घेतात.
बी-बियाणं चालत नाही. दंड होतो.
"सांग त्यांना, बाळंतिणीचं हाय."
अगं, ती समुद्रात असते.
"मग समुद्रात टाक."
तिला काय कळणार?
आईनं पुरचुंडीला दुसरी गाठ मारली,
दातानं आवळली.
"कोसाकोसावरनं ऐकतीय म्हणालीस न्हवं?
मग सांग की,
येळ्ळूरच्या जनाक्कानं दिलंय."